मामाची पद्मिनी, हरवलेले घोडे

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

गाडी: प्रीमियर पद्मिनी, १९८४. चार सिलिंडर, १०८९ सीसी, सोलेक्सचा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), हँडगियर (स्टिअरिंगजवळच्या दांड्याचा), चारही चाकांना ड्रम ब्रेक. मामाने कधीतरी डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवून घेतला होता. तेवढं सोडलं तर सगळं कंपनीतून आलं तसंच. ठाण्यात चरईतल्या जुन्या सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी होती. आता सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे आणि बिल्डरला आवार मोकळं हवंय. मामी म्हणाली, "तू नेणार असशील तर ने गं, नाहीतर भंगारवाला रोज विचारून जातोय."

आजची अवस्था अशी. नवी बॅटरी टाकल्यावर सेल्फला उठते. ऐरोली पुलाच्या चढावर चौथ्या गियरला दम टाकते, तिसऱ्यात घ्यावी लागते. ब्रेक सोडल्यावरही डावीकडे ओढत राहते. अॅव्हरेज नऊच्या आसपास.

नवी असताना हिची ताकद चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर होती. म्हणजे मुळातच फार नाही. त्यातली आता किती उरली आहे ते कुणी मोजलेलं नाही. तेव्हा एकेचाळिसावा घोडा विकत आणायच्या आधी पहिले चाळीस कुठे पळाले ते बघायचं, असं ठरवलंय. मला शर्यत लावायची नाही. पुलावर मागचा डंपर हॉर्न मारणार नाही इतपत पिकअप हवं आणि पुढचा रिक्षावाला मध्येच थांबला तर थांबेल असा ब्रेक हवा.

नियम एकच: एका वेळी एकच बदल. तो केला की त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तीच चाचणी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळत नाही, आणि मग दुकानदार सांगेल ते खरं मानावं लागतं.

१२ नोव्हेंबर

पाना हातात घेण्याआधी कागद. मालक वारल्यावर गाडी थेट भाचीच्या नावावर होत नाही. आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या, म्हणजे मामीच्या नावावर करायची. सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारस असतील तर त्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. अर्जाला तीन महिन्यांची मुदत असते. मग मामीकडून माझ्या नावावर, फॉर्म २९ आणि ३०. दोन्ही टप्पे सांभाळून पुरे करायचे. मधला टप्पा गाळला की विम्याच्या दाव्याच्या वेळी तो बरोबर वर येतो. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि पर्यावरण कर वेगळा. मामाने हे सगळं वेळेवर भरलेलं आहे. पावत्या साल लावून फायलीत. त्याच फायलीत मूळ मॅन्युअलही सापडलं, पानांवर ग्रीसचे अंगठे. सगळ्या वारशात हीच वस्तू सर्वात कामाची ठरणार असं दिसतंय.

१७ नोव्हेंबर, रविवार

सुरुवात ब्रेकपासून. पळण्याची चाचणी घ्यायची तर आधी थांबता आलं पाहिजे, हे उघड आहे. पण ब्रेक ही पिकअपचीही बाब आहे, ते आज दिसलं.

गाडी जॅकवर उचलली, खाली स्टँड लावले. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. गियर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, आणि एकेक चाक हाताने फिरवून पाहिलं. उजवं पुढचं मोकळं फिरलं. डावं पुढचं अर्धा फेरा जाऊन खर्रकन थांबलं. म्हणजे हे चाक ब्रेक दाबलेला नसतानाही धरून बसलंय, आणि इंजिन रोज त्याला ओढतंय.

कळव्याचे मिस्त्री बघायला आले होते. काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर त्यांची सगळी हयात गेली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हापासून हे गृहस्थ मोकळे आहेत आणि घरी बसून वैतागलेले आहेत. त्यांनी ड्रम उघडण्याआधीच निदान केलं. ब्रेक एकदा दाबून सोडायला लावला. मग चासीच्या बाजूचा, म्हणजे रबरी होजच्या अलीकडचा जॉइंट किंचित सैल केला. चाक तसंच घट्ट. जॉइंट कसला आणि चाकाजवळचा निपल (ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) अर्धा फेरा फिरवला. फसकन ऑइल उडालं आणि चाक सुटलं.

"दाब होजच्या पलीकडे अडकलाय, मॅडम. होज बाहेरून चांगला, आतून फुगलेला. पाय दाबला की ऑइल जातं, सोडला की परत येत नाही."

हा होज वरून पाहिला तर कुणीही चांगला म्हणून सोडून दिला असता. भेगा नाहीत, गळती नाही. उडालेलं ब्रेक ऑइल मात्र उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं होतं. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि सिलिंडर आतून गंजतात. दोन वर्षांनी बदलायचं असतं. इथे ते किती वर्षांचं होतं हे मामालाच ठाऊक.

२३ नोव्हेंबर

रबरी होज सगळे नवे. चारही चाकांचे व्हील सिलिंडर उघडले. दोनांत खड्डे पडले होते, ते बदलले आणि बाकीच्यांना रबरांचं किट टाकलं. मास्टर सिलिंडरचं किट. लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) नवे बसवून घेतले, ड्रम वागळे इस्टेटमध्ये लेथवर टर्न करून आणले. डॉट ३ ऑइल भरून एअर काढली, सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करून.

या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच आहे. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. त्यामुळे लोखंडी पाइप टोकापासून टोकापर्यंत हात फिरवून तपासले आणि मागच्या अॅक्सलवरचा गंजलेला तुकडा बदलला. नवशिक्याने ब्रेकचे सुटे भाग स्वतः काढावेत, ओळखावेत, आणावेत. जोडल्यावर मात्र जाणत्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

२४ नोव्हेंबर, रविवार

टायर. नक्षी भरपूर शिल्लक, म्हणून भाऊ म्हणत होता चालतील. बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का पाहिला: २३०९. म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. नखाने दाबलं तर रबर दबत नाही, आणि नक्षीच्या तळाशी बारीक भेगा. असे टायर पावसात रस्ता धरत नाहीत.

स्विफ्टच्या खालच्या मॉडेलमुळे १६५/८० आर १४ हे माप कुठेही मिळतं आणि पद्मिनीच्या रिमवर बसतं. हिशेब करून पाहिला: १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी, दोन्ही बाजूंचे मिळून २६४, अधिक रिमचे ३५५.६. व्यास जवळपास ६२० मिमी. मूळच्या बारीक टायरपेक्षा थोडा मोठा, पण मीटर आणि गियरिंग बिघडेल इतका नाही. जुन्या रिमवर ट्यूबलेस बसवायच्या भानगडीत पडले नाही, आत ट्यूब घातली.

एवढ्याने सुकाणू हलकं झालं आणि वळणावर गाडी लोळायची ती कमी झाली. तीनशे सीसी वाढवल्यावर जितका आनंद झाला नसता तितका झाला.

१ डिसेंबर, रविवार

आता पहिली मोजणी. वेळ पहाटे साडेपाच, रस्ता पूर्व द्रुतगती मार्ग, आनंदनगर नाक्याच्या पलीकडचा सपाट पट्टा. १५ ऑक्टोबरपासून छोट्या गाड्यांना तिथला टोल माफ झाल्यामुळे ये-जा फुकटात होते. गाडी चौथ्या गियरमध्ये, ताशी ४० वर स्थिर, मग पॅडल तळाला, ७० पर्यंत. वेग फोनच्या जीपीएसवर, कारण गाडीचं मीटर जवळजवळ दहा टक्के चढं दाखवतं. भाऊ बाजूला बसून वेळ मोजणार. दोन्ही दिशांनी धावून सरासरी, म्हणजे वारा आणि उतार वजा होतात.

पहिला आकडा: २३ सेकंद.

दुसरी चाचणी चढाची. उपवनपासून वर येऊरपर्यंत. शेवटचं मोठं वळण कुठल्या गियरमध्ये निघतं ते लिहायचं. आज: दुसऱ्यात, कण्हत.

८ डिसेंबर, रविवार

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. प्लग चारही काढले, पॅडल पूर्ण दाबलेलं, सेल्फ मारून प्रत्येक सिलिंडरवर गेज. ११८, ११५, ११६, ८८ पीएसआय. पहिले तीन जवळजवळ आहेत, चौथा पडलाय. नेमक्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक बोलका असतो. तो साधारण दहा टक्क्यांच्या आत असावा.

आता हा दाब जातो कुठून? चौथ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा गेज लावला. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा चढला असता. तो ९० च्या पुढे गेला नाही. म्हणजे रिंगा नाहीत, व्हॉल्व्ह.

टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) उघडलं. चौथ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांतलं, सर्वात पातळ पातंसुद्धा जाईना. फट शून्य. व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता आणि तिथून स्फोटाचा दाब निसटत होता. असंच चालवत राहिलं असतं तर व्हॉल्व्ह जळला असता. सगळे आठ टॅपेट मॅन्युअलमधल्या मापाला लावले, इंजिन थंड असताना. पातं जाताना लोण्यातून नाही आणि चिकटूनही नाही, हलकं ओढ देत गेलं पाहिजे. हा अंदाज बोटांना यायला अख्खी सकाळ गेली. पुन्हा गेज: चौथा ११२.

खर्च: कव्हरचं पॅकिंग. बाकी काही नाही.

१५ डिसेंबर, रविवार

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटून देणारा भाग. इंजिनचा वेग वाढला की ठिणगी आणखी लवकर पडावी लागते. त्यासाठी आत दोन छोटी वजनं असतात, ती फिरताना बाहेर फेकली जातात. शिवाय कार्ब्युरेटरकडून येणाऱ्या नळीवर एक डायफ्रॅमची डबी असते, ती कमी भारावर ठिणगी आणखी आधी पाडते.

डबीची परीक्षा तोंडाने करता येते. नळी काढून ओढली तर आतली पट्टी सरकायला हवी आणि जीभ लावून धरली तर तिथेच राहायला हवी. इथे नुसती हवा येत राहिली. डायफ्रॅम फाटलेला. वजनं तर जुन्या ग्रीसमध्ये घट्ट रुतली होती, रोटर हाताने फिरवून सोडला तरी परत येत नव्हता. म्हणजे मामा शेवटची कित्येक वर्षं ठिणगीची वेळ आधी न सरकणारी गाडी चालवत होता. तो हळू चालवतो असं आम्ही सगळे म्हणायचो.

वजनं रॉकेलने धुतली, पातळ ऑइलचा एक थेंब. डबी कुर्ल्याहून आणली. टॅक्स्या गेल्यापासून तिथले पद्मिनीचे सुटे भाग बरणीतल्या लोणच्यागत जपून काढले जातात आणि भावही तसाच. पॉइंट (ठिणगीसाठी वीज तोडणारा छोटा स्विच) आणि कंडेन्सर नवे, फट फिलर गेजने, मग टेस्ट बल्ब लावून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ.

पुन्हा पहाटेचा रस्ता: १९ सेकंद. येऊरचं वळण अजून दुसऱ्यातच, पण आता कण्हत नाही.

२५ डिसेंबर

नाताळची सुट्टी, भावाला उत्साह. त्याच्या मते हे सगळं सोडून यात ११८ एनई या गाडीचं निसानवालं ११७१ सीसी इंजिन बसवावं. तेही प्रीमियरचंच, काळातलं, बारा-एक घोडे जास्त. कल्पना वाईट नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या कागदावर जे मूळ वैशिष्ट्य आहे ते परस्पर बदलायचं नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. इंजिन बदलायला आधी आरटीओची परवानगी लागते, नंतर आरसीवर नोंद. न विचारता बदललं तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल.

शिवाय ड्रम ब्रेक, किंगपिन (पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या पिना), मागचे पाटे हे सगळं चाळीस घोड्यांच्या हिशेबाने आहे. ताकद वाढवली की हे सगळं वाढवावं लागतं. नवशिक्याने तिथे हात घालू नये.

त्याची दुसरी सूचना फ्री-फ्लो सायलेन्सर. त्यावर मामीने फोनवरूनच निकाल दिला: "आवाज केलात तर सोसायटीत पाऊल ठेवायचं नाही." मला स्वतःलाही पटत नाही. या इंजिनाला मूळ सायलेन्सर गुदमरवत नाही. तो गंजून आतून कोसळला असेल तरच अडतं. व्हॅक्यूम गेज लावून इंजिन तीन हजारावर धरलं तर सुई हळूहळू उतरत गेली, तर अडथळा. इथे स्थिर होती. विषय संपला.

५ जानेवारी २०२५, रविवार

सगळ्या प्रकल्पातला सर्वात स्वस्त शोध आज लागला.

एअर क्लीनर काढला, कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्च मारली आणि भावाला आत बसून पॅडल तळापर्यंत दाबायला सांगितलं. आतली झडप पूर्ण उभी व्हायला हवी, म्हणजे वरून पाहिलं तर नुसती कड दिसली पाहिजे. ती तिरकीच थांबली. "अजून दाब." "तळाला टेकलाय गं ताई!" हाताने लिंक ढकलली तर झडप आणखी बरीच उघडली.

दोन कारणं निघाली. पॅडलखाली मूळ रबरी मॅटवर काथ्याचं कार्पेट, त्यावर आणखी एक मॅट. पॅडल तिथेच टेकायचं. आणि लिंकच्या सांध्यातल्या बॉलला झीज, त्यात उरलीसुरली हालचाल गिळली जायची. कार्पेट कापलं, सांधा बदलला, दांड्याची लांबी आटे फिरवून लावली. मग उलट बाजूही पाहिली: पॅडल सोडल्यावर झडप पूर्ण मिटते का, स्प्रिंग ओढते का. हे विसरलं तर गाडी पळतच राहते, आणि एका सर्किटच्या ब्रेकवर तो प्रयोग नको.

आकडा: १६ सेकंद. येऊरचं वळण तिसऱ्यात.

तीन सेकंद एका कार्पेटने आणि झिजलेल्या सांध्याने खाल्ले होते. महागडा कार्ब्युरेटर शोधत बसणाऱ्या प्रत्येकाने आधी ही टॉर्च मारून बघावी.

१९ जानेवारी, रविवार

कार्ब्युरेटर. पॅडल एकदम दाबलं की क्षणभर गाडी गप्प व्हायची, मग उचलायची. ते अॅक्सिलरेटर पंपाच्या डायफ्रॅमचं काम. उघडल्यावर तो कातडं सुकावं तसा ताठ निघाला. किट आणलं, सगळ्या वाटा स्प्रेने आणि हवेने साफ केल्या. जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात) तार घालायची नाही, भोक मोठं होतं.

आता पेट्रोलची गोष्ट. हे इंजिन इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बनलं आणि पंपावर आता वीस टक्के मिसळलेलं मिळतं. दोन परिणाम होतात. एक, जुने रबरी होज आणि पंपाचा डायफ्रॅम फुगतात नाहीतर कडक होतात. दोन, मिश्रण पातळ होतं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला साधारण नऊ. वीस टक्के मिसळलं की हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. इंजेक्शनची गाडी ते आपोआप करते, सोलेक्सला कुणीतरी सांगावं लागतं.

माझ्या कार्ब्युरेटरमधून १२० चा मेन जेट निघाला. हा आकडा भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२५ चा टाकला तर क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे हवं तितकंच. व्यास चारच टक्क्यांनी वाढलेला दिसतो म्हणून लोक १३५ पर्यंत जातात आणि मग काळा धूर काढतात.

टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे होज इथेनॉलला टिकणारे घेतले, क्लिपा नव्या, पंपाचं किट नवं. पेट्रोलच्या कामाला बॅटरीची तार काढलेली आणि अग्निशामक हाताशी. हे सांगायला नको, तरी सांगते.

२५ जानेवारी

आयडलिंग कानाने लावलं आणि मग पीयूसी केंद्रावर गेले. या वयाच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के. पहिलं रीडिंग ४.६. केंद्रावरच्या मुलाला थांबायला सांगून मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा आत घेतला, प्रत्येक वेळी मशीनकडे बघत. २.२ वर थांबले. इंजिनाचा आवाजही तिथेच सर्वात गोल लागत होता. गॅस अॅनलायझर विकत घेण्यापेक्षा हा सौदा बरा. गर्दी नसलेली दुपार निवडायची आणि त्या मुलाला चहा सांगायचा.

प्लग काढून पाहिले: मातकट तपकिरी. आधी काजळी होती. चाचणी: १४.५ सेकंद.

९ फेब्रुवारी, रविवार

इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पॉइंटच्या जागी बसणारं छोटं मॉड्यूल, दोन तारा, डिस्ट्रिब्युटर बाहेरून तसाच दिसतो. घेण्याआधी कॉइलचा (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या भागाचा) रोध मीटरने मोजावा. बॅलास्ट (बाहेरून जोडलेला रेझिस्टर) नसलेल्या बारा व्होल्टच्या कॉइलचा तीन ओहमच्या आसपास येतो. दीड ओहमवाली कॉइल सरळ जोडली तर बरीच मॉड्यूलं जळतात. प्लगच्या ताराही रेझिस्टन्सवाल्या घेतल्या.

चाचणी: १४.५ सेकंद. तसूभर फरक नाही. नीट लावलेले पॉइंट आणि हे मॉड्यूल यांत पिकअपचा फरक नसतो, जाहिरात काहीही म्हणो. फायदा दुसरा आहे: पॉइंट झिजत जातात आणि हे झिजत नाही, त्यामुळे आज लावलेलं टायमिंग दिवाळीलाही तेच राहील. सकाळी सेल्फ एका झटक्यात. मिस्त्रींचा विश्वास मात्र नाही. काढलेले पॉइंट-कंडेन्सर त्यांनी पिशवीत बांधून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायला लावले. "हे बंद पडलं तर काय करणार? घोडबंदरला रात्री कोण येणार?" बरोबर आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

हेडलाइट. याला कुणी परफॉर्मन्स म्हणत नाही, पण रात्री ज्या वेगाला दिसतं तोच गाडीचा खरा वेग.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट. बल्बच्या पिनांवर मोजले तर १०.६. मधले तीन व्होल्ट जुन्या तारा, स्विच आणि गंजलेल्या अर्थमध्ये जात होते. बल्बचा प्रकाश व्होल्टच्या जवळजवळ साडेतीनाव्या घातात बदलतो, त्यामुळे तेवीस टक्के दाब कमी म्हणजे प्रकाश चाळीस टक्क्यांवर. पिवळे, मरगळलेले दिवे ही या गाड्यांची ओळख मानली जाते. दोष बल्बचा नसतो.

उपाय: बॅटरीपासून फ्यूजमार्गे जाड तार, दोन रिले, जुनी स्विचची तार फक्त रिले उठवायला. अर्थ घासून नवे. बल्ब साधे एच-४, ५५/६० वॅटचे. शंभर वॅटचे नाहीत आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी तर नाहीच, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आता पिनांवर १३.४ व्होल्ट. जुना स्विचही गरम होत नाही.

१६ मार्च, रविवार

उन्हाळा सुरू. काल दुपारी माजिवड्याच्या पुलाखाली मेट्रोच्या कामाच्या गर्दीत गाडी बंद पडली, पंधरा मिनिटांनी आपोआप चालू. पेट्रोलची वाफ पाइपात अडकते. टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे ते यासाठीच. इथेनॉलमुळे पेट्रोल आणखी लवकर वाफाळतं.

पाहिलं तर पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टला जवळजवळ चिकटून गेलेला. तो वळवून लांब नेला, मध्ये पत्र्याची ढाल, वर उष्णतारोधक नळी. रेडिएटर बाहेर काढून साफ करून घेतला. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) कुणीतरी काढून टाकला होता, तो परत बसवला. टॅक्सीवाल्यांची ही जुनी सवय, "गरम होते तर काढून टाक". त्याने इंजिन सकाळी तापायलाच वेळ घेतं, तेवढा वेळ पेट्रोल जास्त पितं आणि सिलिंडर झिजतात. रेडिएटर साफ असेल तर थर्मोस्टॅट गरम करत नाही.

विजेचा पंखा सध्या नको. आधी या बदलावर मे काढून बघू.

३० मार्च, गुढीपाडवा

नौपाड्यात स्वागतयात्रा, रस्ते सकाळपासून बंद. गाडीला हार घातला, काम काही नाही. मामी आली होती. आत बसून तिने आधी पॅडलखाली पाहिलं. "काथ्याचं कार्पेट मीच आणलं होतं हो, कोल्हापूरहून."

१३ एप्रिल, रविवार

इंजिन ऑइल २०डब्ल्यू-५०, मिनरल. गियरच्या दांड्याचे बुश बदलले, आता तिसरा शोधावा लागत नाही.

पहाटेची चाचणी: १४ सेकंद. येऊर: तिसऱ्यात, आणि वळणानंतर पॅडलमध्ये अजून जागा शिल्लक. अॅव्हरेज साडेबारा. चार टायर वगळले तर ब्रेकवर झालेला खर्च बाकी सगळ्या खर्चाच्या बेरजेपेक्षा जास्त आहे.

पावसाळ्याआधी राहिलेलं: किंगपिनचे बुश, पुढच्या उजव्या चाकाला वर-खाली हलवलं तर खेळ लागतो. मागचे शॉक अॅब्सॉर्बर. वायपरची मोटर. ब्रेकचं पॅडल हलकं करणारा व्हॅक्यूम बूस्टर बसवायचा विचार आहे, पण तो किंगपिननंतर. मिस्त्रींनी पुढच्या शनिवारी प्रेस मोकळी असलेल्या वर्कशॉपात बोलावलंय, बुश आणि रीमर त्यांच्याकडेच आहेत.